रक्त देतात, अंगठा देत नाहीत

निवृत्त झाल्यावर दहा-बारा वर्षं मी एक काम मोठ्या मानाने केलं. ज्या प्राध्यापकांना नव्याने पीएच.डी.चे विद्यार्थी मिळतात, त्यांना गाइड म्हणून कसं वागावं याचं प्रशिक्षण द्यायचं. कधी डहाणूला, कधी पालघरला. हॉल, प्रोजेक्टर, मध्ये चहा-वडा, शेवटी शाल आणि नारळ. विषय ठरलेला: संशोधनात खोटेपणा कसा शिरतो आणि गाइडाने तो कसा रोखायचा.

दर वेळी मी एक उदाहरण सांगायचो. माझा एक विद्यार्थी होता, वारली, हुशार. सिकलसेल या रक्ताच्या आजारावर काम करत होता. त्याच्यावर मी आंधळा विश्वास टाकला. त्याने लोकांच्या संमतीपत्रांवर खोटे अंगठे लावले. पाड्याला ते कळलं आणि त्याच्याच माणसांनी त्याला बेदम मारलं. एक कान गेला, उजवा अंगठा ठेचला गेला. तेव्हा मित्रांनो, कागद स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. इथे माझा आवाज दाटून यायचा. हॉल गप्प व्हायचा. आवाज दाटायचा तो खराच दाटायचा, एवढं मी आजही म्हणेन. बाकीचं सगळं खोटं होतं. मार तेवढा खरा. तो कुणामुळे बसला ते आता लिहितो.

माझं वय त्र्याहत्तर आहे. डहाणूच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवलं.

मी विद्यार्थ्यांना मारायचो. हे आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. वडील वाणगावला रेल्वेत होते, त्यांनी मला पट्ट्याने शिकवलं. माझ्या गाइडांनी माझा पहिला मसुदा खिडकीतून खाली फेकला होता आणि मी तो चिखलातून एकेक पान वेचून वर आणला होता. हा किस्सा मी स्टाफरूममध्ये अभिमानाने सांगायचो. पदवीच्या मुलांना मी हात लावत नव्हतो, त्यांचे पालक भांडायला येतात. पीएच.डी.चा विद्यार्थी आपला. त्याची सही, त्याची पदवी, त्याची नोकरी सगळं आपल्या पेनात. त्याला डोक्यावर टपली, पाठीत धपाटा, चार जणांत कानाखाली. या विद्यार्थ्याच्या अंगावर एकदा मी बेडूक ठेवलेला ट्रे फेकला होता, लेबलवर तारीख घातली नाही म्हणून. फॉर्मलिनने त्याचे डोळे दोन दिवस लाल होते.

तो तलासरीच्या आतल्या एका पाड्यातला. पाड्यातून एम.एस्सी. झालेला पहिलाच. बाप लवकर गेला, काकाने वाढवलं. आई दुसऱ्यांच्या चिकूच्या वाड्यांत रोजाने जायची. अंगाने दणकट, बोलायला मऊ. टपली बसली की डोकं चोळत म्हणायचा, "सर, टाळकं मऊ झालं. आता त्यात घातलेलं गळून जाईल." सगळे हसायचे, मीही हसायचो आणि मला वाटायचं, याला माझं मारणं आवडतं.

त्याच्या पाड्यात आणि शेजारच्या पाड्यांत बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब घ्यायचे, सिकलसेल कुणाला आहे ते पाहायचं, असं ते काम होतं. एक तंत्रज्ञ बरोबर असायचा. रक्त घेऊन झालं, तपासण्या झाल्या. एका शनिवारी दुपारी मी त्याला संमतीपत्रांचा गठ्ठा आणायला सांगितलं, कारण सोमवारी एथिक्स कमिटी कागद पाहायला येणार होती. गठ्ठा जाड होता. नावं, वयं, पाड्यांची नावं सगळं सुबक अक्षरात. अंगठ्यांचे चौकोन कोरे.

"हे कोरे का?"

"सर, विचारलंय सगळ्यांना. घरोघर बसून, आमच्या बोलीत. सुई कशाला, रक्त कुठं जाणार, कुणाला काय कळणार, सगळं सांगितलं. नको म्हणाले त्यांचं घेतलं नाही."

"मग अंगठे कुठे आहेत?"

"रक्त देतात सर. अंगठा देत नाहीत."

"म्हणजे काय?"

"कुणालाच देत नाहीत. आमच्यात कागदावर अंगठा लावला की जमीन जाते. आज्याची तशीच गेली. आता रस्त्याची मोजणी करणारे येऊन दगड रोवून गेलेत, त्यामुळे तर शाईचा पॅड दिसला तरी बायका घरात जातात."

तो पुढे सरकला. "कमिटीला लिहू ना सर. तोंडी संमती घेतली, असं. पाड्यातले दोन साक्षीदार देतो. काकाला सही येते, तो करेल."

लोक सही किंवा अंगठा द्यायला कचरत असतील तर कमिटीची परवानगी घेऊन साक्षीदारांसमोर तोंडी संमती घ्यावी, हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं स्लाइडवर दाखवलं. त्याने ते मला त्या शनिवारी सांगितलं होतं. मी टेबलावरचं पंचिंग मशीन उचलून त्याच्यावर फेकलं.

ते भुवईवर लागलं. कातडी फाटून रक्त खाली आलं. मी म्हणालो, "रुमाल लाव. कागदांवर सांडू नकोस."

मग दाराला कडी घातली. पॅड काढला आणि स्वतः बसलो. पुरुषांचा डावा, बायकांचा उजवा, हा कचेरीतला नियम मी काटेकोर पाळला. कधी अंगठा जोरात दाबला, कधी हलका, कधी तिरका. तीस-चाळीस झाल्यावर माझी कातडी चुरचुरायला लागली.

"आता तू लाव."

"नको सर."

"लाव म्हणतो ना."

"सर, मारा पाहिजे तर. हे नको."

मी त्याच्या मागे गेलो, उजवं मनगट धरलं आणि हात पिरगळला. तो माझ्या दुप्पट ताकदीचा. लहानपणापासून चिकूच्या पेट्या उचललेला. एक झटका दिला असता तर मी कपाटावर आपटलो असतो. त्याने दिला नाही. मी त्याचा अंगठा पॅडवर दाबला, कागदावर दाबला, पुन्हा पॅडवर. पाच-सहा कागदांनंतर हात पिरगळावा लागला नाही. त्याचा हात मेल्यासारखा झाला होता आणि मी तो पुढे-मागे करत होतो. खाली मान घालून तो एवढंच बोलला, "आज्याचा असाच धरला होता, सर."

मी म्हणालो, "आजा पीएच.डी. करत होता का?"

हे मी बोललो. कुणी जबरदस्ती केली नव्हती, दारू प्यायलो नव्हतो.

सोमवारी कमिटी आली. कागद पाहून खूश झाली. एका सदस्यांनी सहज विचारलं, "प्रत्येकाला त्याची प्रत दिलीत ना?" नियम तसा आहे. मी म्हणालो, "उद्याच वाटतो." आणि झेरॉक्सला दिलं.

तो माझ्या केबिनच्या दारात उभा राहिला. "सर, वाटू नका. वाटायचेच तर मला आधी जाऊन खरं सांगू द्या. ते चिडतील, मारतील, पण ऐकतील. कागद आधी गेला तर ऐकणार नाहीत."

"त्यांना वाचता येतं का?"

"ठसा तर दिसतो सर."

मी त्याला नोंदणी रद्द करायची धमकी दिली आणि जीपमध्ये बसवलं. अहवालात प्रती वाटतानाचा फोटो हवा होता, म्हणून मीही गेलो.

पाड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत लोक जमले. तो नाव घेऊन एकेक कागद हातात देत होता. मी जीपच्या पुढच्या सीटवर बसून फोटो काढत होतो. एक म्हातारी होती, तिचा उजवा अंगठा लहानपणीच गवत कापताना विळ्याने गेला होता. तिला कागद मिळाला. तिने तो उलटा धरला, सुलटा धरला, मग ठशावर बोट ठेवून मोठ्याने हसली. त्यांच्या बोलीत जे म्हणाली ते मला नंतर ड्रायव्हरने सांगितलं: "बघा गं बायांनो! कॉलेजवाल्यांनी माझा अंगठा उगवून दिला! आता दुसऱ्या हाताला सहावा द्या म्हणावं!"

सगळे हसले. मग एकाने आपला कागद पाहिला. दुसऱ्याने पाहिला. हसू विझत गेलं.

"हा माझा नाय."

"मीपण नाय दिला."

"जमिनीचा हाय का कागद?"

काकाने पुतण्याला विचारलं, "कुणी लावले?" त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. काका जीपपाशी आला. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. त्याने मला हात जोडले. हे मी विसरू शकत नाही, त्याने आधी हात जोडले. "सर, तुम्ही सांगितलं का याला?"

पुतण्या पाहत होता. सगळा पाडा पाहत होता. हो म्हणालो असतो तर मला चार ठोसे बसले असते, नोकरी गेली असती. मी म्हणालो, "नाही. मला काही माहीत नाही. त्याने मलाही फसवलं."

काका वळला. पहिला फटका उघड्या हाताचा, डाव्या कानावर. लाकूड फुटावं तसा आवाज आला आणि पुतण्या कोसळला. मग बाकीचे आले. कुणी कुंपणाचा बांबू उपटला. लाथा बसत होत्या त्या पोटात, तोंडात, जिथे जागा मिळेल तिथे. एकाने दगड घातला, तो जबड्याला लागला. तो ओरडत नव्हता. दोन्ही हातांनी डोकं धरून गुडघे पोटाशी घेतले होते, आणि धुळीत त्याच्या तोंडातून काळपट लाळ येत होती. काकाने त्याचे केस धरून उठवलं, घराच्या ओट्यापर्यंत फरफटत नेलं. तिथे वाटायचा पाटा होता. उजवा हात पाट्यावर ठेवला. "कुठल्या अंगठ्याने?" त्याने उत्तर द्यायच्या आत काकाने कोयता उलटा धरून बोथट बाजू खाली आणली. दोनदा. दुसऱ्या वेळी तो ओरडला.

मी गाडीची काच वर केली.

तेव्हा ती बिनअंगठ्याची म्हातारी त्याच्या अंगावर पालथी पडली. काकाचा पुढचा फटका तिच्या पाठीवर बसला. ती उठली, हातात खराटा घेतला आणि काकाला तोंडावर, डोक्यावर झोडपायला लागली. "मारून टाकशील काय? तुझा हाय तो! तुझा!" मग ते थांबलं.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, उतरायचं का? दवाखान्यात घेऊ त्याला."

मी म्हणालो, "चल."

त्याला दवाखान्यात पाड्यातल्याच माणसांनी नेलं, भाजीच्या टेम्पोत घालून. पोलिसांनी विचारलं तेव्हा त्याने तारेने बांधलेल्या जबड्यातून सांगितलं म्हणे की झाडावरून पडलो.

कॉलेजने चौकशी नेमली. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने डाव्या हाताने एकच ओळ लिहून पाठवली: "अंगठे मी एकट्याने लावले नाहीत." चौकशीच्या प्रमुखांनी मला विचारलं, याचा अर्थ काय घ्यायचा? मी म्हणालो, मित्रांची मदत घेतली असेल. तसंच अहवालात गेलं. त्याची नोंदणी रद्द झाली. मी विद्यार्थ्यावर नीट लक्ष ठेवलं नाही, एवढा एक सौम्य शेरा मला मिळाला. तो शेराच पुढे माझी पात्रता ठरला. जो गाइड स्वतः पोळला आहे त्यानेच शिकवावं, असं आयोजकांना वाटलं. मला तर हवंच होतं. एक खोटी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली की ती अंगवळणी पडते. चार-पाच वर्षांनी मला तो शनिवार आठवताना मधूनच माझंच उदाहरण आठवायचं.

गेल्या हिवाळ्यात डहाणूला प्रशिक्षण होतं. चिंचणीच्या एका प्राध्यापिका आल्या होत्या, रसायनशास्त्राच्या. पुढच्या रांगेत बसून वही भरून लिहीत होत्या. माझं उदाहरण संपलं, हॉल नेहमीसारखा गप्प झाला. त्यांनी हात वर केला.

"सर, तो अंगठा कुणाचा होता?"

"विद्यार्थ्याचा."

"नाही, म्हणजे तपासलं का कुणी?"

"मॅडम, तो पकडला गेला."

"कागद वाटताना पकडला गेला ना? ठसे लावताना नाही."

मागून एक सर म्हणाले, "मॅडम, आता सीआयडी बोलवायची का?" हशा पिकला. त्याही हसल्या, पण खाली बसल्या नाहीत.

"माझी आई सुकट विकते, सर. गिऱ्हाईक म्हणालं ना, म्हावऱ्याला वास येतोय, तर ती आधी आपल्या टोपलीत हात घालून वास घेते. मग गिऱ्हाइकाला शिव्या देते. तुम्ही गाइड. टोपली तुमची. म्हणून विचारलं."

मी म्हणालो, "चहाची वेळ झाली."

नंतरचं सत्र घेतलं, शाल घेतली, नारळ घेतला. घरी आलो. चौथ्या दिवशी कॉलेजच्या जुन्या शिपायाला फोन करून विचारलं, तो विद्यार्थी सध्या कुठे असतो.

तो अच्छाडला होता. हायवेवर एका वजनकाट्यावर. ट्रक काट्यावर चढतो, हा आकडा पाहून पावती फाडतो. मी दुपारी पोचलो. पत्र्याची केबिन, पंखा, बाहेर ट्रकांची रांग. केस पांढरे झालेले, जबडा एका बाजूला सरकलेला. पावती तो डाव्या हाताने फाडत होता. मला पाहून सवयीने उठून उभा राहिला.

"सर. बसा."

मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काय केलं, चौकशीत काय बोललो, प्रशिक्षणात इतकी वर्षं काय सांगत आलो. तो उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होता. मधे एक ट्रक आला, त्याची पावती दिली, पुन्हा कान केला.

"हे मला कशाला सांगता? मी तिथंच होतो."

"मी कॉलेजला लिहून देतो. नोंदणी परत..."

तो हसला. "चाळिशी उलटली सर. टाळकं मऊच राहिलंय." मग हसू गेलं. "आई चालत नाही. दोन वर्षं झाली. आधी तलासरीच्या बाजाराला यायची, तिथं भेटायचो. तिला इकडं ये म्हटलं तर पाडा सोडत नाही. काकाने शपथ घेतलीय, वेशीच्या आत आला तर पाय तोडीन. आईने त्याला किती वेळा सांगितलं, पोराने केलं नाही, सराने केलं. तो म्हणतो, सर माझ्या तोंडावर नाही म्हणाले. एवढा शिकलेला माणूस खोटं बोलेल का?"

"मी त्यांना पत्र..."

"कागद? आमच्या पाड्यात? तुमचा कागद?" तो पुढे आला. "तोंडाने सांगायचं. तिथं उभं राहून. मला आईला उचलून दवाखान्यात न्यायचंय सर, ती जागच्या जागी सडतेय. मला घरात जायचंय. बस."

मी म्हणालो, "ते मला मारतील."

त्याने मला मारलं. पहिली थप्पड इतक्या जोरात बसली की चष्मा केबिनच्या बाहेर जाऊन पडला. दुसरी उलट्या हाताची. मग छातीत बुक्की. मी पत्र्यावर आदळलो आणि खाली बसलो. त्याने माझी कॉलर धरून भिंतीवर डोकं आपटलं, एकदा, आणि दुसऱ्यांदा आपटता आपटता थांबला. काट्यावरच्या ट्रकमधून ड्रायव्हर ओरडला, "अरे, बुड्ढे को मार डालेगा क्या? कौन है?"

"मास्टर है मेरा."

"तो पैर छू ना! गला क्यों पकड़ा है?"

त्याने कॉलर सोडली. चष्मा उचलून आणला. एक काच फुटली होती. माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "उद्या सकाळी ये." इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच अरेतुरे केलं.

मी रात्रभर न जाण्याची कारणं शोधली. रक्तदाब होता, वय होतं. सकाळी एसटीने तलासरीला उतरलो, तिथून रिक्षा. तो वेशीपाशी आधीच उभा होता. एका पावलाचं अंतर, पण आत गेला नव्हता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "जा."

काका ओट्यावर बसून बांबू सोलत होता. आता पासष्टीच्या पुढचा. मला त्याने ओळखलं आणि हातातला कोयता बाजूला ठेवून उठला. पुन्हा हात जोडले. मी म्हणालो, "हात जोडू नका." आणि सांगितलं. अंगठे मी लावले. तुमच्या पुतण्याचा हात पिरगळून लावून घेतले. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.

"परत सांग," तो म्हणाला.

मी परत सांगितलं.

त्याने सोललेला बांबू उचलला आणि माझ्या खांद्यावर घातला. मग मानेवर. मी पडलो तेव्हा कमरेत लाथ बसली, आणि एक तोंडावर, त्यात पुढचा दात गेला. मी डोकं दोन्ही हातांनी धरलं. माणसं धावत आली, पण कुणी मध्ये पडलं नाही. मला वाटलं, आता संपलं. मग मार थांबला. मी डोळे उघडले तर काका घराच्या खांबापाशी उभा होता.

"मग मी कुणाला मारला?" तो खांबाला विचारत असल्यासारखं म्हणाला. "कुणाचा हात ठेचला मी?" आणि त्याने खांबावर डोकं आपटलं. पुन्हा आपटलं. कपाळ फुटलं तरी थांबेना. तिघांनी धरलं तेव्हा तो त्यांना चावत होता. मी त्या दिवशी फक्त एकाचं आयुष्य मोडलं, असं मी धरून चाललो होतो. या माणसाने माझ्या शब्दावर विसंबून आपल्या पोरासारख्या पुतण्याला ठेचलं होतं आणि इतकी वर्षं ते योग्य केलं म्हणून जगला होता. तेही मी त्या सकाळी काढून घेतलं.

त्याला ओट्यावर बसवलं. रक्त डोळ्यांत उतरत होतं, ते पुसू देत नव्हता. वेशीकडे पाठ करून म्हणाला, "त्याला सांगा, ये म्हणावं."

एका बाईने हाक मारली. तो आला. काकाच्या समोरून गेला तरी थांबला नाही, मान वळवली नाही. शेजारच्या घराचं दार ढकलून आत गेला. आतून त्याच्या आईचा खरखरीत आवाज आला. मला शब्द कळले तेवढे असे: "आलास? दार लाव आधी, कोंबड्या आत येतात."

दार लागलं.

मी उठून निघायला लागलो तर एक पोक्त बाई आडवी आली. ती बिनअंगठ्याची म्हातारी केव्हाच वारली होती, ही तिची सून. मराठीत म्हणाली, "कुठं निघाला? कागद घरोघर वाटले होते ना? मग घरोघर सांगायचं."

मी घरोघर गेलो. तोंडातून रक्त येत होतं, शब्द नीट उमटत नव्हते, म्हणून काही ठिकाणी दोनदा सांगावं लागलं. एका घरी माझ्यावर थुंकले. एका घरी भांडी घासलेलं पाणी अंगावर आलं. एका बाईने मी दिसताच पाण्याचा लोटा हातात दिला, आणि ऐकून झाल्यावर तो हिसकावून घेतला, मी प्यायच्या आत. एका म्हाताऱ्याला काहीच आठवत नव्हतं. तो सारखा विचारत होता, "मोजणीवाले का तुमी? परत आले?" एका तरुणाने मला धक्का देऊन उंबऱ्याबाहेर पाडलं आणि म्हणाला, "आता पुढच्या घरी जा." सून सगळीकडे मागे होती, एकही घर तिने चुकू दिलं नाही. शेवटचं घर झालं तेव्हा दुपार उलटली होती. तो आईच्या घरातून बाहेर आला नव्हता. मी रस्त्यापर्यंत चालत आलो.

नंतर मी कॉलेजला सविस्तर लिहून दिलं, प्रत्येक पानावर सही केली. त्याच्याविरुद्धचा निर्णय रद्द करा आणि दोष माझ्या नावावर नोंदवा, अशी मागणी केली. उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. प्रशिक्षणाच्या आयोजकांचा फोन आला. "सर, झालं ते झालं. ते उदाहरण गाळू, तुम्ही याच." मी जाणार नाही म्हणून सांगितलं. त्याऐवजी हे लिहिलं आणि चिंचणीच्या त्या प्राध्यापिकांना पाठवलं. नव्या गाइडांसमोर वाचा, एक शब्द गाळू नका, अशी विनंती केली. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: वाचेन. तुमचं कौतुक करणार नाही.

तो आता आईजवळ राहतो, तिथूनच अच्छाडला कामाला जातो. तिला पाठीवर घेऊन तलासरीच्या दवाखान्यात आणतो, असं शिपाई सांगत होता. मी एकदा फोन केला होता, त्याने उचलला नाही. मग शिपायाकरवी निरोप आला, पाड्यात पुन्हा येऊ नका.

मी जात नाही.